कुणाला वाट दिलीत?

डॉ. मंदाकिनी राऊत यांची आणि माझी पहिली भेट विद्यापीठाच्या नगररचना विभागात झाली, प्रवेशाच्या मुलाखतीला. मी भरपूर घोकंपट्टी करून गेलो होतो. शहर म्हणजे काय, उपनगर म्हणजे काय, चटईक्षेत्र म्हणजे काय, सगळं तोंडपाठ. टेबलापलीकडे तिघं परीक्षक होते आणि मधल्या खुर्चीत बाई. फिकट सुती साडी, चष्मा कपाळावर चढवलेला. माझ्या गुणपत्रिकेकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खिडकीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं,

"आत्ता फाटकातून इथवर येताना तुम्ही मधेच कुणाला वाट दिलीत?"

"कुणालाच नाही, मॅडम. अंगणात कुणी नव्हतं."

"मग बाजूला का झालात?"

"नाही झालो."

"झालात. मी बघत होते. सरळ येत होतात, अर्ध्यात आल्यावर उजवीकडे सरकलात, थोडे तिरके गेलात आणि पुन्हा सरळ झालात. या इकडे, खिडकीशी उभे राहा."

मी मुकाट्याने उभा राहिलो. भर दुपारचं रणरणतं ऊन, खाली सिमेंटचं मोकळंढाकळं अंगण, कुठे चिटपाखरू नाही. फाटकातून एक मुलगी आली. बरोबर मध्यावर ती उजवीकडे सरकली, वळसा घेतला आणि पुन्हा सरळ झाली. तिच्या मागून फायली घेतलेला शिपाई आला, तोही तसाच. दोघांनीही तिथं काही पाहिलं नव्हतं, कारण तिथं काही नव्हतंच.

"चिंच होती तिथं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी नोकरीला लागले तेव्हा होती. तेव्हा तुम्ही शाळेतही गेला नसाल. ती कापली, बुंधा उपटला, वर सिमेंट घातलं. आता सांगा, कुणाला वाट दिलीत?"

सगळी घोकंपट्टी कुठल्या कुठे पळाली. मी कसंबसं म्हटलं, "माहीत नाही, मॅडम."

बाई इतर दोघांकडे वळून म्हणाल्या, "घ्या याला. निदान थापा तरी मारत नाही."

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी 'बाईंच्या संशोधनाचं योगदान' या विषयावर लिहा, असं संपादकांनी मला सांगितलं होतं. ते लिहायला माझ्याहून अधिकारी माणसं पुष्कळ आहेत आणि ती लिहितीलच, तळटीपांसकट. मी मात्र त्या एका प्रश्नाबद्दल लिहिणार आहे. संपादकांच्या कपाळावर आठ्या पडल्या तर पडोत.

बाईंचं म्हणणं तसं साधं होतं. माणूस रस्त्यावर एकटा चालत नाही, पुढच्याच्या पावलांवर चालतो. पुढचा वळला की मागचा वळतो. झाड गेलं तरी वळसा राहतो, कारण दरवर्षी नवी मुलं जुन्या मुलांच्या मागून येतात. याला त्यांनी 'पावलांचा वारसा' असं नाव दिलं आणि तो शोधत त्या निम्मं जग फिरल्या. एका शहरात कालवा बुजवून वर रुंद रस्ता केलेला. तिथं पूल जिथं होता नेमक्या तिथंच लोक अजून रस्ता ओलांडत होते. दुसऱ्या शहरात जुनी तटबंदी पाडलेली. जिथं वेस होती तिथं माणसं अजून एकेकटी होऊन, खांदे आखडून पुढं जात होती. बाई हे सांगायला लागल्या की वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. पाठीमागच्या बाकांवरचीही मुलं मान वळवून दाराकडे बघायची, कुणी आत आलं की काय म्हणून.

परदेशातल्या विद्यापीठांकडे या कामासाठी कॅमेरे आणि यंत्रं असतात. बाईंकडे पिठाची चाळणी होती. क्रीडांगणावर रेषा आखायला वापरतात ती पांढरी फक्की सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत जागेवर चाळायची आणि वरच्या मजल्यावर बसून दिवसभर बघत राहायचं. संध्याकाळपर्यंत पावलांनी मळलेल्या वाटा दिसू लागतात, आणि जिथं कुणी पाऊल टाकलं नाही ती जागा पांढरी राहते. विभागाला भेट द्यायला आलेल्या एका परदेशी प्राध्यापकांच्या हातीही बाईंनी चाळणी दिली होती. बिचारे शिंकून शिंकून बेजार झाले. संध्याकाळी बाईंनी त्यांना घरच्या केळ्यांची, उन्हात वाळवलेली सुकेळी खायला दिली, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. चांगल्या कामाला सुकेळी, हे बाईंचं बक्षीस ठरलेलं होतं. माझ्या वाट्याला ती फार उशिरा आली.

त्यांचा राग मात्र लवकर वाट्याला यायचा. एका मुलाने आराखड्यावर एका चौकोनात 'मोकळी जागा' असं लिहिलं होतं. बाईंनी तांबड्या पेन्सिलीने त्यावर अशी काट मारली की कागद फाटला. "मोकळी कशावरून? तू विचारलंस तिला?" त्यानंतर आमच्या विभागात हे दोन शब्द लिहायची कुणाची बिशाद नव्हती. बाई एवढ्या का चिडतात, ते मात्र कुणालाच कळत नव्हतं.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं. ज्यांच्या अंगणाची पाहणी केली, अहवालाची पहिली प्रत त्यांच्या हातात गेली पाहिजे. विद्यापीठाला नंतर, नियतकालिकाला त्याहून नंतर. "आपण त्यांच्या घरात डोकावलो, काय बघितलं ते आधी त्यांना सांगायला नको?" असं त्या म्हणत.

मी पुढे त्याच विभागात शिकवू लागलो, लग्न झालं आणि घर घेतलं ते वसईत. मूळचा मी राजापूरकडचा, पत्नी वंदना चिपळूणची. तिथल्या सांडोर गावाच्या कडेला 'शांतिकुंज' नावाची दोन इमारतींची सोसायटी नवीन झाली होती. बाई सांडोरच्याच, त्यांचं कौलारू घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पुढं ओटा, मागं उरलेली थोडी केळी आणि भाजीचा मळा. लग्न त्यांनी केलं नाही, घरात त्या एकट्याच. मी घर घेतल्याचं सांगितलं तेव्हा त्या आनंदतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तळमजल्यावर नाही ना घेतलंस?"

"नाही, तिसऱ्या मजल्यावर."

"बरं केलंस."

पावसाळ्यात पाणी तुंबतं म्हणून म्हणत असतील, असं मी समजलो.

वंदनाने आमच्या पुढच्या खोलीत बालवाडी सुरू केली. मुलं वाढली तसा आवाज वाढला, शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, आणि सोसायटीने सांगितलं की दिवाळीपर्यंत दुसरी जागा बघा, त्यानंतर घरात बालवाडी चालणार नाही. वंदनाचा जीव त्या मुलांत अडकलेला. तिने सगळीकडे चौकशी केली, पण परवडेल अशी जागा कुठेच मिळेना.

नेमक्या त्याच सुमारास, निवृत्तीनंतरही विभागात येणाऱ्या बाईंनी फक्की टाकायला आमची सोसायटी निवडली. कारणही त्यांनी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर सांगितलं. "पावलांचा वारसा खरा असेल, तर जिथं वारसाच नाही तिथं पांढरी जागा उरता कामा नये. इथं सगळे बाहेरून आलेले. कुणी सातारचं, कुणी कोकणातलं, कुणी उत्तर प्रदेशातलं. गावातलं जुनं माणूस एक नाही. कुणाच्या मागून चालणार हे लोक? इथं सगळी फक्की मळली पाहिजे." बोलताना त्यांच्या आवाजात एक प्रकारची घाई होती. आपल्या सिद्धान्ताची ही कसोटी म्हणून असेल, असं मला वाटलं.

आम्ही आमच्या गॅलरीत बसलो. खाली दोन इमारतींच्या मधे पेव्हर ब्लॉकचा चौक होता, सगळा पांढराशुभ्र केलेला. कामावर जाणारे गेले, दूधवाला येऊन गेला, शाळेच्या गाड्या आल्या. वाटा मळू लागल्या. आणि दुपार व्हायच्या सुमारास आम्हांला दिसलं की चौकाच्या एका बाजूला एक लांबट गोल, एक टोक निमुळतं, जसाच्या तसा पांढरा राहिला आहे. दोन्ही इमारतींमधली सगळ्यांत जवळची वाट त्यावरून जात होती. एकानेही ती धरली नव्हती.

ऊन चढलं तशी तिथली हवा थरथरायला लागली. सोसायटीतली कुत्री गोलाच्या कडेकडेने जीभ काढून पडली होती, आत कुणी नाही. राजोडीहून येणारी मासेवाली कडेला, गोलाकडे पाठ करून बसली होती. पलीकडच्या बाजूला चांगली सावली असताना ही उन्हात का बसली म्हणून वंदनाने वरूनच विचारलं. ती म्हणाली, "तिकडं बसून काय करू, बाय? गिऱ्हाईक येतंय का तिथवर? नुसता म्हावऱ्यावर पानी मारत बसायचा."

मग मुलं क्रिकेट खेळायला उतरली. चेंडू घरंगळत त्या पांढऱ्या गोलात गेला आणि मध्यावर थांबला. मुलं धावत आली आणि कडेला एका रांगेत उभी राहिली. कोरडी, सपाट फरशी होती हो ती! एकजण पोटावर आडवा झाला, दुसऱ्याने त्याचे पाय धरले, आणि त्याने बॅट लांब करून चेंडू ओढून घेतला. मी वरून ओरडलो, "अरे, जाऊन आण की!"

"असं नाही जात तिकडे, अंकल. बॉल काढावा लागतो."

"का पण?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "असंच," एक जण म्हणाला, आणि ती पुन्हा खेळायला लागली.

मी हसत बाईंकडे वळलो आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. बाईंनी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. वंदनाने पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायल्या नाहीत. "दळवी," त्या मला म्हणाल्या, "तिथं उतार आहे का बघ. असणार. मोजून बघ." आम्ही पाण्याची नळी लावून मोजलं. उतार नव्हता, फट नव्हती, काहीही नव्हतं. नळी धरायला विद्यार्थ्यांपैकी कुणी आत जायला तयार होईना, तेव्हा मीच गेलो. खोटं कशाला सांगू, भर उन्हात पायाखाली गार लागलं. बाहेर येताना मी धावलो.

पुढे परदेशातल्या एका परिषदेत बाईंनी ही पाहणी मांडली. सोबत मी होतो, सुंदर चित्रं तयार करून नेलेली. मांडणी झाल्यावर कुणीतरी विचारलं, मागून चालायला कुणी नसताना ही माणसं कुणाच्या मागून वळली? मी मनातल्या मनात तीन उत्तरं जुळवली. बाई उठल्या, म्हणाल्या, "मला माहीत नाही. माझा सिद्धान्त इथं अपुरा पडतो," आणि खाली बसल्या. झालं! आयुष्यभराचं काम भर सभेत स्वतःच्या हाताने अर्धं खोडून टाकलं. मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो की परतीच्या प्रवासात धड बोललो नाही. आज वाटतं, अशी छाती आपल्यातल्या किती जणांकडे असेल?

परिषदेच्या आधीच, नियमाप्रमाणे, अहवालाची पहिली प्रत सोसायटीला गेली होती. आमचे अध्यक्ष मोरे काका, सातारचे, निवृत्त माणूस, मनाने सरळ. त्यांनी नकाशा उलगडला, तो पांढरा गोल बघितला आणि धावत आमच्याकडे आले. "दळवी, वहिनींचा प्रश्न सुटला! तुमच्या मॅडमनी जागा शोधून दिली की! अहो, एवढी मोठी जागा आणि कुणाच्या पायात येत नाही. बालवाडीची खोली तिथंच बांधू. वर्गणी काढतो मी."

वंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच दिवशी मुलांना सांगूनही टाकलं.

आणि दुसऱ्या दिवशी बाई मोरे काकांच्या दारात उभ्या. मीही होतो. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. तिथं भराव आहे, कसला आहे कुणाला ठाऊक नाही, पावसाचं पाणी आपली जुनी जागा शोधत येतं, लहान मुलांची खोली तिथं नको. मोरे काकांनी चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, दोन एवढ्या मोठ्या इमारती उभ्या आहेत. एका खोलीला काय होतंय? आणि तुमच्याच नकाशात आहे की, मोकळी जागा."

"मी मोकळी कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही, पण पांढरी दाखवलीय की!"

बाईंनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि त्या निघाल्या.

घरी वेगळंच. वंदनाने भांडी आपटायला सुरुवात केली होती. "तुमच्या बाईंना माझी मुलं दिसत नाहीत का? दिवाळीनंतर मी त्यांना कुठं बसवू, डोक्यावर? त्यांना काय, घर आहे, पेन्शन आहे, वर हे भुताटकीचं संशोधन!" मी तिच्या बाजूने बोलू की बाईंच्या, मला कळेना. दोघींचंही पटत होतं. म्हणून मी गप्प बसलो, तर दोघींनाही राग आला.

सर्वसाधारण सभा रविवारी दुपारी चौकात ठरली. खोलीचा ठराव व्हायचा आणि लगेच नारळ फुटायचा, असा मोरे काकांचा बेत होता. मंडपवाल्याची माणसं येऊन खुर्च्या लावून गेली. आम्ही खाली उतरलो आणि मी पायरीवरच थांबलो. खुर्च्या गोलाकार लावल्या होत्या. त्या लांबट गोलाच्या कडेने, एकही खुर्ची आत नाही, सगळ्यांची तोंडं आतल्या रिकाम्या फरशीकडे. लोक येऊन बसत होते, गप्पा मारत होते. कुणालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

ठराव वाचून झाला. कुणाला काही म्हणायचं आहे का, मोरे काकांनी विचारलं. मागून बाईंचा आवाज आला, "मला." बाई सोसायटीच्या सभासद नव्हत्या, पण कुणी हरकत घेतली नाही. गावच्या वयस्कर बाई, एवढ्या शिकलेल्या. कुणीतरी आपली खुर्ची सरकवली, शेजारच्याने आपली. बाईंना वाट झाली. बाई त्या फटीशी आल्या आणि थबकल्या. तो क्षण मला कळला नव्हता, नंतर कळला. मग त्यांनी चपला काढल्या, त्या गोलात गेल्या आणि अगदी मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कडेला बसलेल्या बायकांनी नकळत आपापली पोरं जवळ ओढली.

"इथं आमचं बावखल होतं," बाई म्हणाल्या. बावखल म्हणजे आमच्या वसईकडच्या वाड्यांतलं गोड्या पाण्याचं तळं, ज्यावर सगळी बागायत चालायची. "मी शाळेतून आले. अशीच दुपार होती. बावखलाभोवती सगळी वाडी उभी होती, तुम्ही आता बसलात ना, तशी. कुणी बोलत नव्हतं. मला बघितलं आणि लोक बाजूला झाले. मला वाट दिली. माझी धाकटी बहीण, सुलू, काठावर ठेवली होती."

बोलता बोलता बाई घरच्या बोलीत गेल्या. सांडोरची ती जुनी बोली आम्हां बाहेरच्यांना नीट कळत नव्हती, पण कळायचं ते कळलं. मग त्या भानावर आल्या आणि पुन्हा आमच्या भाषेत बोलू लागल्या.

"त्यानंतर आमच्यातलं कुणी या पाण्याजवळून गेलं नाही. लांबून जायचं. पुढे भावाने जागा विकली, हे बुजवलं. मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं, संपलं एकदाचं म्हटलं. मग तुम्ही आलात. आमचं नावसुद्धा ज्यांना ठाऊक नाही अशी माणसं. म्हणून मी इथं फक्की टाकली. मला बघायचं होतं की तुम्ही यावरून सरळ चालत जाता. तेवढंच बघायचं होतं मला. पण तुम्ही सगळे तिला वाट देता. का देता, मला माहीत नाही. जन्मभर हेच शिकवलं आणि मला माहीत नाही. हात जोडून एवढंच सांगते, जिथं तुमची स्वतःची पावलं जात नाहीत, तिथं तुमची लेकरं बसवू नका."

मोरे काकांनी हातातला नारळ हळूच पिशवीत ठेवला. मी वंदनाकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती. "मला ती खोली नको," ती म्हणाली. मग तिने ते पुन्हा एकदा म्हटलं. दिवाळी तोंडावर आली होती आणि तिच्याकडे दुसरी जागा नव्हती, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बाई परत येईपर्यंत खुर्च्यांमधली ती वाट कुणी बुजवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडची कामवाली सुकेळ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात आली. निरोप होता, "ओटा झाडून ठेवलाय. मुलांना घेऊन ये." तेव्हापासून वंदनाची बालवाडी बाईंच्या ओट्यावर भरते. भाड्याचा विषय एकदाच निघाला आणि बाईंनी तिला असं झापलं की तो पुन्हा निघाला नाही. आयुष्यभर शांततेत वाचन केलेल्या बाई आता बडबडगीतांच्या गोंधळात खुर्ची टाकून बसतात. कुणाचं नाक पूस, कुणाची बाटली उघडून दे, चाललेलं असतं. वंदना आणि त्या दोघी मिळून हल्ली माझ्यावर टीका करतात.

सोसायटीने त्या गोलातले पेव्हर ब्लॉक काढून टाकले. ऐन मे महिन्यात खालची माती ओली निघाली, आणि एका बाजूला घडीव दगडाची पायरी लागली. मजूर पुढं खणायचं का म्हणून विचारू लागले. मोरे काका म्हणाले, नको, इथवर पुरे. आता पावसाळ्यात तिथं पाणी साठतं, बेडूक येतात, चौकात पूर्वी तुंबायचं ते पाणी हल्ली तुंबत नाही. त्या जागेला सगळे तळं म्हणतात. चालण्याच्या वाटा मात्र कुणालाच बदलाव्या लागल्या नाहीत.

बाईंचं विद्वत्कार्य थोर आहे, ते इतरांच्या लेखांत वाचायला मिळेलच. मला त्यांच्याकडून मिळालेली शिकवण एवढीच, की आराखड्यावर पेन्सिल टेकवण्याआधी तिथं आधीपासून कोण आहे ते विचारायचं, आणि उत्तर माहीत नसेल तर माहीत नाही असं म्हणायचं. आज माझे विद्यार्थी फक्की चाळतात तेव्हा मीही त्यांच्यावर बाईंसारखाच खेकसतो. सुकेळी मात्र मला तशी जमत नाहीत.

गेल्या आठवड्यात या ग्रंथाच्या समारंभाचं आमंत्रण द्यायला मी बाईंकडे गेलो. दुपार होती. अंगणात मुलांनी एकमेकांचे हात धरून फेर धरला होता. बाई ओट्याला लागून खुर्ची टाकून बसल्या होत्या, फेराच्या अगदी कडेला. माझ्या लक्षात आलं की फेर पुरा नव्हता. दोन मुलांच्या मधे एका लहान मुलाएवढी जागा सुटली होती. त्या दोघांचे मोकळे हात जरा पुढे धरलेले, जणू त्यात आणखी कुणाचे हात आहेत.

"रोज अशीच सोडतात," वंदना मला हळूच म्हणाली. "मी शिकवलं नाही हो. विचारलं तर म्हणतात, असंच, टीचर." आणि ती फेर पुरा करायला दोन्ही हात पुढे करून निघाली.

"राहू दे, वंदना," बाई म्हणाल्या. "बुजवू नकोस."

वंदना थांबली. मुलं गाणं म्हणत फिरत राहिली आणि ती सुटलेली जागाही त्यांच्याबरोबर फिरत राहिली. फिरत फिरत ती बाईंच्या खुर्चीसमोर आली, तेव्हा बाईंनी आपले पाय अलगद जवळ घेतले. जागा पुढे गेली. बाईंनी पाय पुन्हा लांब केले. पुढच्या फेरीला पुन्हा तसंच. त्यांच्या चेहऱ्यावर त्या गॅलरीतल्या दुपारची भीती नव्हती. त्या हसत होत्या.

फार वर्षांपूर्वी बाईंनी मला विचारलेला प्रश्न माझ्या अगदी ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही. आमंत्रण त्यांच्या हातात दिलं, नमस्कार केला आणि निघालो.

बाई, आम्हां सगळ्या विद्यार्थ्यांच्या, शांतिकुंजमधल्या शेजाऱ्यांच्या आणि तुमच्या ओट्यावरच्या त्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या वतीने एवढंच मागणं आहे. तुमचे गुडघे धड राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, रागही थोडा शिल्लक राहू दे, आम्हांला तो लागतो. आणि अजून पुष्कळ वर्षं, रोज दुपारी, तो फेर तुमच्या खुर्चीपुढून जाईल तेव्हा पाय जवळ घ्यायला तुम्ही तिथं असा.